मापातली माया

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की शिंपी मास्तर तुमच्या कमरेचा आकडा सांगत, आणि तो समोरच्या पानठेल्यापर्यंत ऐकू जाई. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत म्हणालो, “बत्तीस.” मास्तरांनी मशीनवरून मान न उचलता विचारलं, “कोनाची?” मग टेप लावली. छत्तीस भरली. पानठेल्यावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात माझी ओळख झाली ती अशी.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मी नागपूरहून नकाशे काढायच्या नोकरीवर इथे आलो. राजधानी घडवायला खास मलाच बोलावलंय, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी दिवसभर टेपचं टोक धरून उभा राहायचो. पण साहेब दिसायचं तर पँट हवी, म्हणून मास्तरांकडे फेऱ्या सुरू झाल्या. मूळचे ते वर्ध्याकडचे, पण दुकानाला चाळीस वर्षं झालेली. पंडरीच्या कापडबाजारात घासाघीस करून आणलेलं कापड मी अभिमानाने पुढे केलं, की ते दोन बोटांत चोळून म्हणत, “मस्त हाय. धुतल्यावर तुमच्या पोट्ट्याले होईन.” माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

शिवणीत आत जे जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. मास्तर माझ्या पँटीला दोन बोटं जास्तच माया ठेवायचे. “अजून सासुरवाडीचं जेवन बाकी हाय,” म्हणायचे. एकदा मी गयावया केली, “मास्तर, वहीत तरी चौतीस लिहा. वाचून बरं वाटेल.” त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. “मापात माया नाही करत, भाऊ. माया शिवनीत.” आणि वहीत अडतीस लिहिलं. दोन महिन्यांत मी तेवढी प्रगती केली होती.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं, आणि नकाशा माझ्याच टेबलावर आला. मास्तरांचं दुकान दहा फूट खोल. लाल रेषेप्रमाणे त्यातले पाच जात होते. पाच फुटांत मशीन बसतं, पण कापड बेतायचं टेबल बसत नाही. सहांत दोन्ही बसतात. मी कागदावर दहादा मांडून पाहिलं. एका फुटाचा प्रश्न होता. टेबल गेलं की मास्तर गेले.

खुणा करायच्या दिवशी रस्त्याच्या मधोमध टेपचं टोक धरायचं काम नेहमीप्रमाणे माझं. मी पहिला फूट हळूच मुठीत गोळा केला आणि पुढच्या आकड्यावर अंगठा दाबला. तिकडे शिपायाने खूण केली ती बरोबर टेबलाच्या अलीकडे. मोठे साहेब पानठेल्याच्या सावलीत उभे होते, त्यांचं लक्ष नव्हतं. जन्मात एक लबाडी केली, ती चांगल्या कामासाठी, या विचाराने माझी छाती फुगली. तेवढ्यात पायरीवरून तो ओळखीचा आवाज आला.

“भाऊ, माप चुकून राहिलं! फूटभर टेप तं तुमच्या मुठीतच हाय!”

साहेब वळले. “अरे, फिर से नापो.”

मी वेड्यासारखा मास्तरांकडे डोळे मिचकावत होतो. त्यांना वाटलं, डोळ्यात धूळ गेली. करायला गेलो गणपती, झाला मारुती. साहेबांना काहीतरी कारण सांगता आलं असतं. मी “सॉरी सर” म्हणालो आणि मूठ उघडली. नवी खूण टेबलाच्या पायांमध्ये गेली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. 

महिनाभराने ते मुलीकडे वर्ध्याला निघाले. मी भेटायला गेलो, तो सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. पण आधी तेच बोलले. “राग नका मानू, भाऊ. साहेबापुढं तुमची चूक काढाले नको होती. पर चुकीचं माप मले पाहवत नाही.”

ती चूक नव्हती, तो फूट तुमच्यासाठीच होता, हे मी सांगितलं असतं तर वर्ध्याला जाताना त्यांनी ते ओझं बरोबर नेलं असतं. म्हणून म्हणालो, “मास्तर, खरं सांगू? मले टेप धरताच येत नाही.”

त्यांना ते लगेच पटलं. इतकं लगेच पटेल असं वाटलं नव्हतं. गळ्यातली टेप काढून त्यांनी तिचं टोक माझ्या हातात दिलं आणि स्वतःच्या खडबडीत बोटाने माझा अंगठा नीट बसवला. “असं. टोक दिसलं पायजे. आता वढा.” मी ओढली. “हव, जमलं!” मास्तरांचा चेहरा उजळला. बऱ्याच दिवसांनी ते हसताना दिसले.

मग मी ती मुद्दाम पुन्हा चुकीची धरली, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.