जागं होणाऱ्यांची पेज

'रानहंस' यानावरच्या माणसांना झोपेची भीती वाटत नसे. भीती वाटे ती जागं होण्याची. प्रवास इतका लांबचा, की तो जागेपणी कुणाच्याच आयुष्यात मावला नसता. म्हणून बहुतेक सगळे थंड कुप्यांमध्ये निजलेले असत. श्वास जवळजवळ थांबलेला, वय तिथल्या तिथे. थोडे जण पाळीपाळीने जागे राहून त्यांना सांभाळत आणि पाळी संपली की स्वतः निजत.

ओकनामची पाळी मात्र कधी संपलीच नाही. पहिल्याच झोपेतून उठताना ती मरता मरता वाचली. डॉक्टर पांग म्हणाले, "पुन्हा निजलीस तर उठायची नाहीस."

"बरं झालं," ती म्हणाली, "मला तशीही झोप कमीच." तिने निद्रागृहाचा कारभार हाती घेतला तो केस पांढरे झाले तरी सोडला नाही. नवी भूमी आपल्याला दिसणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल कुरकुर केलेली कुणी ऐकली नाही.

तिचं काम पाहत राहावं असं होतं. रोज सकाळी कुपीकुपीपाशी थांबून ती यानावरची बातमी सांगे. "प्योनआजोबा, नातसून बाळंत झाली. मुलगी. नाक तुमच्यावर गेलंय बिचारीचं."

तिच्या हाताखालची सोरिन हसे. "मावशी, त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणून तर उलटून बोलत नाहीत. तू शीक त्यांच्याकडून."

जागं होणाऱ्याला हात लावण्याआधी ती आपले तळवे काखेत धरून ऊबदार करी. त्याची पेज स्वतः रांधी, लाकडी पळीने ढवळत, दाणा पार विरघळेपर्यंत. उठलेल्या माणसाच्या पोटाने आपणहून काम सुरू करायला हवं. नळीने भरवलेलं त्याला सोसत नाही. पहिल्या तीन दिवसांत ज्याने आपल्या हाताने अन्न घेतलं नाही, तो हळूहळू विझत जाई.

नियमही तिनेच घालून दिला होता. पूर्वी एकजण जागा झाला आणि समोर आपली बायको म्हातारी झालेली पाहून भिंतीकडे तोंड करून पडला, तो पुन्हा वळला नाही. तेव्हापासून जागं होणाऱ्यासमोर सुरुवातीला तरण्या माणसांनीच जायचं, म्हाताऱ्यांनी दाराबाहेर थांबायचं. सगळ्यांना ते पटलं. तरीही अधूनमधून कुणीतरी जेवत नसे. मागच्या मोसमात, कोबीचं तिखट लोणचं, किमची, घालायच्या वेळी बागकाम करणारी इनसुक अशीच गेली. डॉक्टर म्हणाले, मन खचलं तिचं.

आणि मग तेग्यूची पाळी आली. तेग्यू ओकनामचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनेच वाढवलेला. निजला तेव्हा मिसरूड फुटलेला पोर होता, अजूनही तसाच होता. ओकनाम मात्र साठी ओलांडून गेली होती.

"मावशी, तुम्हीच जा ना आत," सोरिन म्हणाली. "भाऊ आहे तुमचा."

"नियम कुणी केला?"

"तुम्हीच."

"मग मी मोडला तर बाकीचे काय धरून बसतील? जा, पेज निवतेय."

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तेग्यू उठून बसला, पण वाडग्याला हात लावेना. ओकनाम दाराबाहेर तिवईवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी सोरिन पुन्हा भरलेलं वाडगं घेऊन बाहेर आली. डोळे लाल झाले होते.

"रडू नकोस. नीट सांग. तोंड फिरवतो का?"

"नाही. पेजेकडेच बघतो. वास आला की आवंढा गिळतो."

"हात कुठे असतात?"

"मांडीवर. पाठ ताठ. समोरच्या रिकाम्या आसनाकडे बघत राहतो. मी म्हणते, घे ना, तर नुसता मान लववतो."

ओकनाम एकदम उठली. "दोन वाडगी भर. दोन चमचे."

डॉक्टर पांग आडवे आले. "तुला बघून त्याने धीर सोडला तर?"

"उपाशी माणसाचा धीर किती टिकतो, डॉक्टर? सरका."

ती आत जाऊन त्याच्यासमोर बसली. आपण कोण ते सांगितलं नाही. तिने चमचा उचलला, पेज घेतली आणि गिळली.

तेग्यूचा हात मांडीवरून निघाला. त्याने चमचा धरला आणि वाडगं तळापर्यंत रिकामं केलं. मगच त्याने वर पाहिलं, आणि पाहतच राहिला.

"ताई?"

"आधी ओठ पूस."

"तू म्हातारी झालीस गं."

"आणि तू चाळीस वर्षं लोळलास. अंथरुणाची घडी तरी घातलीस का?"

तो हसायला गेला आणि रडू लागला. ओकनामने त्याला दुसरं वाडगं वाढलं.

त्याच संध्याकाळी भोजनघरात सगळे जमलेले असताना ती उभी राहिली. "नियम माझा होता आणि तो चुकीचा होता," ती म्हणाली. "ही माणसं अर्धवट शुद्धीत असतात. कुठे आहोत ते कळत नाही, पण रीत अंगात असते. वयाने मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय धाकट्याने जेवू नये, हे आपणच त्यांच्या हातावर चापट मारून शिकवलं. आणि मी सगळी मोठी माणसं दाराबाहेर बसवली. इनसुक उपाशी वाट बघत गेली." मग ती इनसुकच्या मुलासमोर गेली आणि जमिनीला कपाळ टेकवून वाकली. वयाने ती त्याच्या आजीसारखी. तो गोंधळून तिला उठवू लागला, पण ती लवकर उठली नाही.

तेव्हापासून प्रत्येक जागं होणाऱ्यासमोर एक म्हातारं माणूस जेवायला बसतं. कधी कुणी दचकतं, रडतं, पण जेवतं. त्या आसनासाठी म्हाताऱ्यांत भांडणंही होतात. ओकनामने शेवटपर्यंत आपला हक्क सोडला नाही. एकदा पेज चुलीवरून नुकतीच उतरलेली होती, समोर सतरा-अठराची एक पोर ताठ बसली होती.

"मावशी, निवू द्या, तोंड भाजेल," सोरिन कुजबुजली.

"पोरगी ताटकळलीय," ओकनाम म्हणाली आणि तिने वाफाळता चमचा तोंडात घातला.