वानराला खांदा

चौडम्माचं घर रानाच्या अगदी कडेला. गोठ्यात गुरांखाली अंथरायला पाचोळा हवा, तर परसाची काट्यांची वई ओलांडली की झालं. तीस वर्षं तिने पाटीभरून पाचोळा वाहिला. पण सत्तावन्न सालच्या त्या माघात पाचोळा ओढताना हाताला काहीतरी मऊ लागलं. मेलेलं वानर.

गाव जमलं. हनुमंताचाच जीव तो, तसाच कसा टाकायचा? तिचा नवरा केरियप्पा शनिवार धरणारा. त्यानेच वानराला आंघोळ घातली, कुंकू लावलं, हार घातला आणि आणखी दोघांना घेऊन खांदा दिला. मागून टाळ वाजवत गाव निघालं. पिंपळाखाली पुरलं, वर नारळ फोडला.

आठवड्यात आणखी चार वानरं पडली. चारही त्याच तिघांच्या खांद्यावरून गेली. सदरा काढताना केरियप्पाच्या कमरेला गोचीड दिसे, ती चौडम्मा उपटून चुलीत टाकी. रानाकाठच्या माणसाला त्याचं काय!

"देवाचे हमाल झालात तुम्ही," ती म्हणे.

"होऊ दे. वर गेल्यावर तेवढीच ओळख."

मग एका दुपारी तो डोकं धरूनच शेतातून आला. डोळे गुंजेसारखे लाल, अंग कुणी कांडल्यासारखं. चौथ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तालुक्याहून आलेल्या डॉक्टरांनी विषमज्वराचं औषध दिलं. दहाव्या दिवशी केरियप्पा गेला. तोवर त्याच्याबरोबरचे दोघेही अंथरुणाला खिळले होते.

टाळ वाजवणारे मात्र धडधाकट होते. चौडम्माच्या मनातून ते जाईना.

केरियप्पाचे दिवस झाले आणि दुसऱ्याच सकाळी पुट्टय्या गौडा चार माणसं घेऊन दारात आला. गावचा कारभारी तो.

"चौडक्का, झऱ्यावर वानर पडलंय. तुझ्या शेषाला पाठव. बापाची जागा आता त्याची."

बावीस वर्षांचा शेषा लुंगी खोचून निघालाच होता. चौडम्मा उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"आत जा."

"अगं अव्वा, लोक काय म्हणतील?"

"आत जा म्हटलं ना!"

"नवरा गेला म्हणून देवावर राग काढतेस?" गौडा म्हणाला.

"राग नाही, अण्णा. ज्यांनी खांदा दिला, तेच तिघे पडले. टाळवाल्यांना काय झालं? तुम्ही तर टाळच वाजवता ना?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. गौड्याचा चेहरा उतरला.

"मग आज मीच देतो खांदा. बघच तू."

तिने हात जोडले. "नका हो. हात न लावता जागेवरच जाळा. मारुतिरायाला मी सांगेन, पाप माझं."

कोण ऐकतंय? तासाभराने टाळ तिच्या दारावरून गेले. पुढे गौडा, खांद्यावर वानर, हार त्याच्या गालाला घासत होता. चौडम्मा दाराला कडी घालून पाठ टेकून बसली. शेषा आतून धुसफुसत राहिला, ती रामाचं नाव घेत राहिली.

पाचसहा दिवस बरे गेले. गावात तिच्याशी कुणी बोलेना. पाणवठ्यावर बायका घागर बाजूला घेत.

सातव्या दिवशी गौड्याची बायको परसातून आली, पदराने तोंड दाबून.

"चौडक्का, यांचं डोकं फुटतंय सकाळपासून. डोळे बघ ना येऊन."

चौडम्मा उठली. तिच्यामागून शेषाही उठला.

"त्याला आतच ठेव," ती बाई घाईने म्हणाली, "तू एकटीच ये."