न कुरकुरणारी दारं

कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका प्रयोगशाळेत मॉलिब्डेनाइटवर संशोधन करायचे. ते मऊ, करडं, ग्रॅफाइटसारखं निसरडं खनिज त्याचे थर न मोडता दळायचं कसं, हाच त्यांचा ध्यास. बोटं कायम शिसपेन्सिल चोळल्यासारखी काळपट. सोसायटीत कुणाचं दार कुरकुरलं की काका न विचारता बिजागरीत तीच पूड भरत. एकदा मी तेलाची बाटली आणली, तर म्हणाले, "अहो, तेल धूळ धरतं. राहू द्या."

सगळीकडे आयटीची लाट आली, त्या दिवसांत प्रयोगशाळेतला त्यांचा विभाग बंद झाला. त्यावर एवढंच बोलले, "चालायचंच."

एका सकाळी त्यांच्या दाराला कुलूप होतं. मुलीकडे कायमचे गेले, असं वॉचमननं सांगितलं. मी समोरच राहतो, पण दार उघडल्याचं मला कळलंसुद्धा नाही. त्या बिजागरीतही त्यांनी पूड भरली होती.