हो म्हणाले, की जांभई दिली?

देवराव पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर झाले, कंपनीचं सेक्टर २मधलं क्वार्टर सोडलं आणि अहिवारा गावाजवळ तळ्याकाठी घर बांधलं. शेजार मिळाला घोंघिलांचा. हे चोचीत फट असलेले करकोचे दर पावसाळ्यात तिथल्या जुन्या चिंचांवर घरटी करतात, देवरावांच्या अंगणात शिटतात, गोगलगायी सांडतात. देवराव त्यांना मनसोक्त शिव्या देतात आणि गावातल्या पोरांच्या गलोली जप्त करतात.

मग चुनखडीची खाण तळ्याकडे सरकू लागली. विधानसभेत विधेयक आलं: जुनी झाडं तोडायचीत? दुसरीकडे कोणी लावलेल्या रोपांची 'हरित पत' बाजारातून विकत घ्या, आणि खुशाल तोडा. आमच्या आमदारांनी तर निवडणुकीत याच चिंचांखाली भाषण ठोकलं होतं, "घोंघिल हमारे मेहमान हैं!" त्यामुळे आता देवरावांना एवढंच कळायला हवं होतं, की आपला माणूस हो म्हणाला की नाही.

पण विधेयक मंजूर झालं आवाजी मतदानानं. सगळे मिळून ओरडले. कोण काय ओरडलं, त्याची नोंद नाही. सून दिपालीनं मोबाइलवर व्हिडिओ थांबवून दाखवला. आमदारांचं तोंड भलंमोठं उघडं.

"पाहा मामाजी, 'हाँ' बोल रहे हैं."

"'हाँ' म्हणायले एवढा जबडा लागते का? जांभई देऊन राहिला तो."

"मंग डोळे कावून उघडे आहेत?"

"आमदार आहे, बाई. झोपीतही उघडेच ठेवते."

आठवडाभर घरात हाच खटला. देवरावांनी आरशासमोर दोन्ही करून पाहिलं, फरक कळेना. शेवटी वैतागून थेट आमदारांच्या वैशाली नगरच्या ऑफिसात गेले. आमदारांनी चहा पाजला.

"काका, सदन ने पारित किया है."

"सदनाले नाही, तुमाले विचारून राहिलो."

"अरे, मैं तो आपके साथ हूँ ना!" असं म्हणून आमदारांनी त्यांना आपल्याच गाडीत घातलं आणि 'हरित पत'वाल्या लागवडीच्या उद्घाटनाला नेलं. प्रमुख पाहुणे म्हणून!

ओसाड माळ, त्यावर गुडघ्याएवढी रोपं, प्रत्येकाला हिरवी जाळी. देवरावांनी एकाचा शेंडा बोटानं दाबला. तो मुकाट्यानं वाकला.

"याच्यावर घोंघिल कुठं बसन?"

"दस-बारह साल में पेड़ हो जाएगा, काका."

"मंग मत बी तवाच देतो."

आमदार खदखदून हसले. "काका बड़े मज़ाकिया हैं," असं फोटोवाल्याला सांगून त्यांनी देवरावांच्या गळ्यात हार घातला. देवराव हसले नाहीत. हार काढून खुर्चीवर ठेवला, गाडी नको म्हणाले आणि चिखल तुडवत तळ्याकडे जाणारा टेम्पो शोधायला निघाले. चिंचांवर तोडणीचे आकडे रंगवायला माणसं आजच येणार होती, आणि वर घरट्यांत पिल्लं होती.