ईश्वरीला उचललं तो दिवस

चहा घ्या आधी, गार होतोय. मी जो घोळ घातला तो आज सांगूनच टाकते. हसायचं असेल तर हसा, मीही हसते.

मी अंगणवाडी सेविका. मार्गासनीच्या बाजूला, बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं चाळीस पोरांच्या वरताण बोलायचं म्हटल्यावर आवाज कसा होणार? आमचे मालक म्हणतात, "तू घरात हाक मारलीस की शेजारचे तिघं 'ओ' देतात."

आमच्या बीटात, म्हणजे एका पर्यवेक्षिकाबाईंच्या हाताखालच्या आम्हा सेविकांत, एक पद्धत आहे. ती कुठल्या सरकारी कागदावर नाही, आम्ही बायकांनीच पाडलेली. नवी सेविका लागली की जुनीनं तिची जोडीदारीण व्हायचं. रजिस्टर कसं भरायचं ते दाखवायचं, मोबाईलमधलं अ‍ॅप अडलं तर सोडवायचं, आणि घरी काही दुखलंखुपलं तर फोन करायचा. रेखाची जोडीदारीण मी.

रेखा वरच्या धनगरवाड्यावरची. तिशीसुद्धा गाठलेली नाही. इतकं हळू बोलते, की फोनवर मला दर वेळी वाटायचं रेंज गेली! तिची मिनी अंगणवाडी, मदतनीस नाही. खिचडी शिजवायची तिनंच आणि गाणी म्हणायची तीही तिनंच.

दसऱ्याच्या महिनाभर आधी झालेल्या बैठकीत ही रेखा उभी राहिली.

"आमच्याकडं ईश्वरी म्हनून एक पोर हाये. चार वर्साची. आई वारल्यापासनं बोलतच न्हाई. बाप म्हनतोय, दिवाळीपत्तर अंगनवाडीत बसली तर बरं, न्हाईतर मामाकडं धाडून देतो."

बाप दिवसभर शेळ्यांमागं डोंगरावर, आजीला धड दिसत नाही. त्याचं तरी काय चुकलं? पण आई गेलेली पोर, आता बापही सुटायचा आणि आजीही.

सगळ्या बायका गप्प झाल्या. मी सोडून!

"रेखा, काळजी करू नको. म्या येते. असली छप्पन पोरं बसवलीत म्या!"

"व्हय ताई, पर आधी मला जरा सांगायचंय..."

"आल्यावर सांग गं!"

बघा, तिथंच गप्प बसले असते तर हा किस्साच झाला नसता.

पुढच्याच गुरुवारी एसटीनं पायथ्यापर्यंत गेले आणि पाऊण तास चढले. धापा टाकत वर पोहोचते तर काय दिसावं? आत आठ-दहा पोरं मणी ओवतायत. रेखा दाराकडे पाठ करून बसलेली. आणि उंबऱ्याबाहेर, उन्हात, एक पोरगी मांडीवर करडू घेऊन एकटीच!

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, ही बया पोरीला बाहेर बसवते! करडू आहे म्हणून? का बोलत नाही म्हणून? माझं डोकंच फिरलं.

रेखानं मान वळवून मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, आत कुणी झोपलंय. मग तिनं हातानं 'थांबा, थांबा' केलं. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून घाबरली.

"अगं ईश्वरी ना तू? ये माझी बाय! भाईर का बसलीयास?"

म्हटलं आणि करडासकट पोर उचलली, उंबऱ्याच्या आत ठेवली! एवढ्यावर थांबेन तर मी कसली? वाड्यावर रेंज मिळते ती नेमकी दाराशीच. तिथंच उभं राहून फोटो काढला आणि बीटाच्या ग्रुपवर टाकला, 'ईश्वरी आज अंगणवाडीत बसली.'

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं तोंड उघडलं, एवढं मोठं उघडलं, पण आवाज आलाच नाही. मग माझ्या हाताखालून निसटली आणि चढावर पळाली. करडू उलटं आत शिरलं, ते थेट खिचडीच्या पातेल्यात पाय! पातेलं आडवं, पोरं बाकड्यावर, आणि माझ्या हातातला मोबाईल टुंग, टुंग, टुंग. 'अभिनंदन ताई.' 'तुमीच करू जाणे ताई.'

रेखा खाली बसून सांडलेली खिचडी गोळा करायला लागली. डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"रेखा, अगं झालं तरी काय?"

"ताई, ती पयल्या दिवशी त्या जांभळीखाली बसली व्हती." तिनं बोट दाखवलं. जांभूळ चांगलं पन्नास पावलं लांब. "म्या बघितलं का पळायची. म्हनून पाठ करून बसाया लागले. रोज एक-दोन पावलं फुडं यायची. महिना लागला हितवर यायला. आज उंबऱ्याला हात लावला व्हता तिनं."

मीही खाली बसले आणि तिच्यासोबत खिचडी गोळा करायला लागले.

त्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, 'फोटो काढून टाकला आहे. पोर बसली नव्हती. मी घाबरवून पळवली. चूक माझी.' आता ह्या माझी पूजा बांधणार, असंच वाटलं. पण एकीनं लिहिलं, तिनं एकदा बळंच घास भरवला तर पोरगं पंधरा दिवस फिरकलं नव्हतं. मग दुसरीनं तिचं लिहिलं. मग तिसरीनं. बावीस वर्षं बैठकांना बसतो आम्ही एकत्र, पण ह्यातलं एक अक्षर कुणी कुणाला बोललं नव्हतं. मी वाचत बसले आणि रडले, खोटं कशाला सांगू.

आठ दिवस ईश्वरी आलीच नाही. नवव्या दिवशी परत जांभळीखाली दिसली. मी रेखाला फोन केला, "मला निस्तरू दे. काय करू सांग."

"ताई, चुलीपाशी असले का मला पाठ करून बसता येत न्हाई. खिचडी तुमी शिजवाल? पर एक शबूद बोलायचा न्हाई. पोरांशी न्हाई, माज्याशी बी न्हाई."

लागले कामाला. आठवड्यातून तीन दिवस मी वर जायचे. त्या दिवशी माझी अंगणवाडी शेजारच्या वाड्यांतल्या सेविकांनी पाळी लावून सांभाळली, आपलं काम उरकून यायच्या बिचाऱ्या. आणि मी? मुकाट खिचडी ढवळायचे. तुम्हाला हसू येतंय, पण माझा जीव घुसमटायचा हो! खाली एसटीत बसले की शेजारच्या बाईला धरून बोलत सुटायचे.

दिवाळीला चार दिवस राहिले होते. मी चुलीकडे तोंड करून बसलेली. मागून एक बारीक, खरखरीत आवाज आला.

"बाई, त्या वरडणाऱ्या बाईचा आवाज गेला व्हय?"

माझा हात थांबला.

"व्हय. गेलाय," रेखा हळूच म्हणाली.

पावलं वाजली. ईश्वरी आत आली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझं तोंड निरखून बघायला लागली.

"हिची बी आई मेली का?"

माझी आई भाटघरला आहे. ठणठणीत! तिच्या आवाजापुढं माझा आवाज म्हणजे काहीच नाही. पण सांगणार कसं? मला बोलायची बंदी! नुसती डोळे पुसत बसले, आणि पोरीला तेच उत्तर वाटलं. तिनं करडू माझ्या मांडीवर ठेवलं.

"घे. हळूहळू बोलता येतं मग."

ईश्वरी मामाकडे गेली नाही. बाप रोज आणून सोडतो आणि ती आता इतकी बडबडते, की रेखाला बोलू देत नाही. मी वर गेले की माझ्याशेजारी बसते, मला एकेक शब्द म्हणायला लावते आणि जमला की मान डोलावते. तीन महिने झाले, मी त्या वाड्यावर कुजबुजतेच आहे. माझी आई जिवंत आहे, हे अजून तिला सांगायची हिंमत झालेली नाही.