सायकलच्या मागे खीर

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. आमची ही सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी जरा जास्तच मूर्ख ठरतो. म्हणून आज चहा उकळेपर्यंत मीच सांगून टाकतो. तुम्ही हसलात तरी चालेल, मला मात्र अजून नीट हसता येत नाही.

गोष्ट अमेरिकेतल्या ॲन आर्बरची, ऐंशीच्या दशकातली. मी तिथं इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करत होतो आणि मालकीची वस्तू म्हणाल तर एक सायकल. शेजारच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरचा प्रकाश राहायचा. त्याचे वडील आदल्या वर्षी गेले, म्हणून त्यानं आईला, म्हणजे आमच्या सुमनमावशींना, काही महिने आणलं होतं.

काका, म्हणजे प्रकाशचे वडील, दर बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारासमोर उभे राहून स्वतःच्या हातानं खीर वाटायचे. पातेलं सायकलच्या कॅरिअरला बांधायचे आणि सायकल ढकलत, चालत न्यायचे. इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नाही. यंदा ते मावशी करणार होत्या, इथं, परक्या मुलखात. युनिव्हर्सिटीजवळच्या हॉलमध्ये बुद्धवंदना होती, तीसेक माणसं येणार होती. मावशींना एकच काळजी होती, खीर सगळ्यांना पुरेल ना.

खीर हॉलपर्यंत न्यायला प्रकाशनं कुणाची तरी स्टेशन वॅगन ठरवली होती. सरळ काम होतं. पण मला कोण सरळ जगू देतं? मी म्हटलं, कॅन्सल कर. काकांची खीर सायकलवरूनच जाईल, मी ट्रेलर बांधतो. मावशींचे डोळे भरून आले. माझी छाती इतकी फुगली की विचारू नका.

सेमिस्टर संपलं की तिथली मुलं अर्धा संसार रस्त्याच्या कडेला टाकून जातात. त्यातून मी लहान मुलांच्या दोन सायकली उचलल्या, त्यांची चाकं काढली, प्लायवूडची फळी कापली आणि एक पाइप वाकवून माझ्या सायकलच्या सीटखालच्या दांड्याला जोडला. दोन वीकेंड त्यात गेले. मग टेस्ट घेतली. आधी तांदळाची पोती, नंतर पोत्यांवर प्रकाश. उतारावर, वळणावर, ब्रेक मारून. ट्रेलर तसूभर डगमगला नाही.

प्रकाश म्हणाला, "यार, खीर दुधाच्या छोट्या-छोट्या रिकाम्या कॅनमध्ये भरू या का?"

मी त्याच्याकडे दयेनं पाहिलं.

पौर्णिमेच्या दिवशी मावशी पहाटेपासून खीर आटवत होत्या. भलंमोठं पातेलं, काठाला दोन बोटं कमी. मी ते फळीला आवळून बांधलं, झाकणावरून दोरी घेतली. मावशी पांढरं पातळ नेसून प्रकाशबरोबर बसनं पुढे गेल्या. जाताना त्यांनी पातेल्याला हात लावून डोळे मिटले.

सपाट रस्त्यावर मी राजासारखा चाललो होतो. पहिल्या स्टॉप साइनला ब्रेक दाबला आणि कुणीतरी मागून ढकललं. मी वळून "अहो, हळू" म्हणालो. मागे कुणीच नव्हतं. पॅडल मारलं तर कुणीतरी मागे ओढलं.

पुढे उतार लागला. मी घाबरलो आणि शहाण्यासारखं थोडं थोडं, थांबून थांबून ब्रेक मारू लागलो. प्रत्येक वेळी मागचा धक्का वाढत गेला. झाकण खडखडायला लागलं. मानेवर काहीतरी कोमट आलं, त्याला वेलदोड्याचा वास होता. तळाच्या वळणावर ट्रेलर आडवा झाला, मग मी झालो, आणि खीर निवांतपणे गटाराकडे निघाली.

जॉगिंग करणाऱ्या एका बाईंनी पातेलं उभं करायला मदत केली. त्यांनी काळजीनं विचारलं, हे पेंट आहे का. मी म्हटलं, नाही, राइस पुडिंग आहे. त्या हात पुसून पुन्हा पळायला लागल्या.

हॉलच्या दारात मावशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्यात पाहिलं. तळाला वाटीभर खीर असेल. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेलो असतो.

मावशी रागावल्या नाहीत. वंदना झाली, मग त्या चहाचा चमचा घेऊन उठल्या आणि प्रत्येकाच्या प्लेटमध्ये एक-एक चमचा वाढत गेल्या. तीस माणसांनी एवढीशी खीर गंभीर चेहऱ्यानं खाल्ली. एका माणसानंही दुसऱ्यांदा मागितली नाही. शेवटचा चमचा माझ्या हातावर आला आणि मी सगळ्यांसमोर रडलो. लाज वाटली, पण रडलो.

मावशी शेजारी येऊन बसल्या. पदरानं माझ्या कानामागचं दूध पुसलं.

"पुरली ना सगळ्यांले? मग झालं तर," त्या म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाबू, तू इथं काय शिकून राहिला रे?"

प्रकाशनं तोंड फिरवलं. त्याला माहीत होतं.

"मावशी," मी म्हटलं, "टँकर धावताना त्यातलं दूध कसं हिंदकळतं, आणि टँकर उलटू नये म्हणून काय करायचं, ते."

"किती वर्षं झाली?"

"चार."

मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मग घाई नको करू, बाबू," त्या म्हणाल्या. "अजून थोडं शीक."