उकडीचं यंत्र आणि बाळारामशेट

कांदे चिरायचं मशीन घ्यायला आलेल्या माणसाला बाळारामशेट आधी दोन किलो कांदे चिरायला बसवत. पाट, सुरी, टोपली सगळं त्यांच्या कारखान्यातच तयार असे. एकदा उलव्याचा एक हॉटेलवाला पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता. पाऊण किलोतच त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तो नाक ओढत म्हणाला, "शेट, ह्यासाठीच तर मशीन पाहिजे ना!" बाळारामशेट त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हते. "तुमी रडा निवांत. मला मनगट बगायचाय," ते म्हणाले. उरलेले सव्वा किलो कांदे त्या गृहस्थाने निवांत रडत चिरले आणि पुढच्या महिन्यात मशीन घेऊन गेला.

पनवेलच्या जुन्या औद्योगिक वसाहतीत त्यांची पत्र्याची शेड होती. खाद्यपदार्थांच्या धंद्याला लागणारी यंत्रं ते स्वतः बनवत. पत्रा आणि सळ्या कळंबोलीहून यायच्या, बाकी सगळं त्यांच्या डोक्यातून. घराणं इथलंच, आगरी. नव्या शहरासाठी जमिनी सरकारात गेल्या, बदल्यात प्लॉट आले, भावांनी त्यावर इमारती उठवल्या आणि मोठाल्या गाड्या घेतल्या. ह्यांनी एक लेथ घेतलं. गळ्यात मात्र भावांइतकीच जाड सोन्याची चेन असायची. फिरत्या लेथपुढे गळ्यात चेन बरी नव्हे, म्हणून काम सुरू करताना ती काढून ड्रिल मशीनच्या दांड्याला अडकवत. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ती दिसायची. "कोन नेल?" ते विचारत. "नेनाऱ्याला आदी ड्रिलचा काम सांगीन, तो पळूनच जाईल."

शेडमध्ये जमिनीवर खडूने काढलेल्या आकृत्या असत. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्र जेवढं व्हायचं तेवढंच चित्र, आणि ते ओलांडताना लग्नात रांगोळी चुकवतात तसं पाऊल टाकावं लागे. गिऱ्हाइकाचं काम हातांनी बघितल्याशिवाय खडू हातात घ्यायचा नाही, असा नियम. एकदा लिंबू सरबतवाला आला, लिंबं पिळायचं यंत्र हवं म्हणून. त्याला ह्यांनी पन्नास लिंबं कापायला लावली, सुरी हातातून काढून घेतली, ग्राइंडरवर धार लावून परत दिली आणि म्हणाले, "जावा. तुमाला मशीनची गरज नाय." असा माणूस धंदा कसा करतो, हा प्रश्न मला पडायचा. त्यांना पडत नसे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मोदकांमुळे. लग्न होऊन मी नवीन पनवेलला आले, स्वयंपाकघरात उकडीचे मोदक करून विकायला लागले, आणि वीस वर्षांत धंदा एका भाड्याच्या गाळ्यात आणि चार बायकांपर्यंत पोचला. बायका पारी करतात, सारण भरतात, कळ्या पाडतात. उकड मात्र मीच मळायची. हे मी कधी कुणाला दिलं नाही. तांदळाची उकड गरम असतानाच मळावी लागते, आणि ती कधी झाली हे घड्याळाला कळत नाही, हाताला कळतं. जरा आधी थांबलात तर मोदक वाफेत फुटतो आणि गिऱ्हाईक फोन करतं. आमच्याकडे फोन येत नसे. तेवढाच माझा माज होता.

मग बोटांत संधिवात आला. सकाळी मूठ मिटेना. बायका नऊला यायच्या, म्हणून मी साडेसातला जाऊन एकटीने उकड मळायला लागले. कुणी बघायला नको. मळताना डोळ्यांतून पाणी यायचं ते पदराने पुसायचं, पदर खारट झाला तरी उकड खारट होऊ द्यायची नाही. अशी चार वर्षं काढली. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. हे काम सोडून मी कोण उरते, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि त्यांच्या फीमध्ये ते बसतही नव्हतं.

म्हणून मी बाळारामशेटकडे गेले. उकड मळायचं यंत्र हवंय म्हटलं. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, उद्या पीठ घेऊन या. हातान करून दाखवा."

"मी गिऱ्हाईक आहे की दहावीची विद्यार्थिनी?" मी म्हटलं.

"गिऱ्हाईकच हाव. म्हनून तर चाय दिला."

"वीस वर्षं उकड मळतेय मी. तुम्हाला करून कशाला दाखवायची?"

"तुमाला येतं ते मला कलत नाय ना," ते शांतपणे म्हणाले. "मला दिसला नाय, तर लोखंडाला काय सांगू?"

मी त्यांच्यावर ओरडले आणि चहा अर्धा टाकून उठले. फणकारा वगैरे सगळं खोटं होतं. माझी मूठ मिटत नव्हती आणि ती मला परक्या माणसासमोर उघडी पाडायची नव्हती, एवढंच खरं. तेव्हा हे मी स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

घरी येऊन मोबाइल उघडला आणि परदेशातली यंत्रं बघत बसले. एका यंत्रात एका बाजूने पीठ, दुसऱ्या बाजूने सारण घालायचं, आणि पलीकडून कळ्या पाडलेले मोदकासारखे गोळे टपाटपा पडायचे. व्हिडिओला संगीतही होतं. किंमत इथल्या यंत्राच्या अर्ध्याहून कमी, आणि मुख्य म्हणजे मला कुणी काही करून दाखवायला सांगत नव्हतं. मी विचारलं, तांदळाचं पीठ चालेल का? पलीकडून इंग्रजीत उत्तर आलं, 'होय प्रिये, सर्व पिठे चालतील.' इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या नवऱ्याने मला प्रिये म्हटलेलं नाही. मी ऑर्डर दिली.

बंदर आमच्या उशाला, तरी यंत्र घरी यायला दीड महिना लागला. लाकडी खोकं गाळ्याच्या दारातून आत जाईना, म्हणून बाहेरच फोडलं. आतलं यंत्र खरंच देखणं होतं, आरशासारखं. बायकांनी त्यात बघून केस सारखे केले. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याच्या भरवशावर गणपतीच्या दुप्पट ऑर्डरी घेऊन मोकळी झाले.

पहिल्या दिवशी चौदा मोदक बाहेर पडले. एकालाही नाक नव्हतं. पंधराव्याऐवजी पट्टी आली, मग नुसतं सारण आलं, मग जळका वास आला. यंत्र मैद्यासाठी बनलेलं होतं; मैद्याला ताण असतो, उकडीला नसतो. शिवाय थंड लोखंडात ती गार होऊन आतल्या मळसूत्रात दगडासारखी बसली. मी विक्रेत्याला कळवलं. त्याने व्हिडिओ मागितला. पाठवला. त्याने दुसऱ्या बाजूने मागितला. तोही पाठवला. मग त्याने लिहिलं, 'प्रिये, तुमचे पीठ बदला.' गणपतीला बावीस दिवस उरले होते. ऑर्डरी दुप्पट, बोटं निम्मी आणि यंत्र बंद. त्या दुपारी मी गाळ्यातल्या मोरीत तोंडावर पाणी मारत खूप वेळ उभी राहिले.

शेवटी नाक मुठीत धरून बाळारामशेटना फोन केला. नाक धरण्यापुरती मूठ मिटत होती. वाटलं, आता ऐकवतील चार शब्द. ते अर्ध्या तासात स्कूटरवरून आले, चेन काढून गाळ्यातल्या गणपतीच्या फोटोला अडकवली आणि यंत्राभोवती एक फेरी मारली.

"चायनाचा माल हो, दुसरं काय होणार," आमच्यातली सुनंदा तोंड वर करून म्हणाली. सुनंदा सगळ्यात जुनी, आणि सगळ्या विषयांत पारंगत.

"ए बाय, माल चांगला हाय," ते तिच्यावर खेकसले. "सांदा बग कसा मारलाय, नखाला लागत नाय. मोटर तर सोन्यासारखी. आमच्या बापजन्मात अशी बनली नाय." मग त्यांनी यंत्र उघडलं आणि बांबूच्या काडीने आतली वाळलेली उकड कोरून काढत बसले. दोन तास. दात कोरावे तशी कोरत होते. सगळं साफ झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "बनवनारा लय हुशार हाय, ताई. पन त्याला तुमी कदी भेटल्याच नाय."

मला वाटलं, झालं. पण त्यांचं झालं नव्हतं.

"आता हातान करून दाखवा."

चारही बायका बघत होत्या. ह्यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणत असावेत. पण बावीस दिवस समोर होते. मी आधण ठेवलं, पीठ वैरलं, वाफ काढली, परातीत उकड ओतली आणि मळायला घेतली. तळव्याने ढकलता येत होतं, बोटांनी ओढता येत नव्हतं. मग मी नकळत जे रोज एकटीने करायचे ते केलं. मनगटापासून कोपरापर्यंतचा हात उकडीवर आडवा ठेवला आणि अंगाचं वजन टाकलं.

बाळारामशेटनी मला थांबवलं नाही. उकड पुरी होऊ दिली. मग विचारलं, "बाय, कदीपास्न?"

पहिल्यांदाच ते मला बाय म्हणाले. "चार वर्षं," मी म्हटलं.

"आनि मला ओरडून गेलीस त्या दिवशी."

"हो."

"बरा केलास. लाज वाटली की मानूस ओरडतो. मी पन घरी तेच करतो." मग त्यांनी खिशातून खडू काढला, मला भिंतीला खेटून उभं केलं, हात वाकवायला लावला आणि कोपराच्या उंचीवर एक रेघ मारली. दुसरी रेघ हात पुढे जातो तिथे. दोन्ही रेघा तिरक्या होत्या, कारण माझा उजवा खांदाही जरा उतरलाय. हे मला माहीत नव्हतं, त्यांनी सांगितलं.

तेरा दिवसांनी टेंपोतून यंत्र आलं. दिसायला ओबडधोबड. एक स्टीलचं घमेलं, त्याला दुहेरी तळ, मध्ये गरम पाणी, म्हणजे उकड गार व्हायची नाही. वर दोन लाटणी, ती फिरवायला परदेशी यंत्रातून काढून नेलेली तीच मोटर. आणि बाजूला एक वाकडा दांडा, टोकाला कातड्याची रुंद गादी. दांड्यावर कोपरापासून हात टेकवून दाबलं की लाटणी उकडीत उतरत. बोटांचं काहीच काम नाही. सुनंदाने दाबून बघितला आणि जाहीर केलं की दांडा वाकडा बसलाय. बाळारामशेट म्हणाले, "तुज्यासाठी वाकडाच हाय."

"मोटर आहे तर दांडा कशाला ठेवलात?" मी विचारलं. "बटण दाबलं की झालं असतं."

"मोटर मळंल," ते म्हणाले. "झाली का नाय ते कोन सांगंल? मोटर?"

कळ्यांचंही विचारून बघितलं. नाही म्हणाले. "चार बायका बसल्यात, चाळीस बोटा हायेत. अजून किती पायजेत?" यंत्राचे पैसे त्यांनी पुरेपूर घेतले, हेही सांगायला हवं. जुन्या मोटरीचे तेवढे वजा केले.

मी हात टेकवला. पहिल्यांदा काहीच कळेना. तिसऱ्या घाण्याला दांड्यातून हळूच काहीतरी वर आलं. उकड आधी ढकलते, मग अडते, मग एकदम मऊ होऊन खाली जाते. ते मला कोपरात कळलं. वीस वर्षं जे तळव्यात होतं ते तिथे कसं गेलं कोण जाणे. त्या गणपतीत एकाही गिऱ्हाइकाचा फोन आला नाही. मी इतकी आनंदात होते की नवऱ्याला प्रिय म्हणाले. त्याने मला ताप बघायला लावला.

दिवाळीनंतर ते एकदा यंत्राला तेल घालायला आले. मी म्हटलं, शेट, तुम्हीच एकदा दाबून सांगा, झाली का. त्यांनी मोठ्या ऐटीत हात टेकवला, डोळे मिटले, बराच वेळ उभे राहिले. "नाय कलत," म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला. "छ्या! काय नाय कलत, बाय. तुजा तुलाच ठाऊक." आपणच बनवलेल्या यंत्रापुढे हरलेला माणूस मी इतका खूश झालेला कधी पाहिला नाही. जाताना पाच मोदक खाल्ले आणि चेन विसरून गेले. ती द्यायला मला रिक्षा करून जावं लागलं.

पुढच्या माघात, संकष्टीच्या सकाळी, त्यांच्या पुतण्याचा फोन आला. रात्री झोपेतच गेले होते. अकराला नेणार होते. फोन आला तेव्हा घमेल्यात उकड होती, मोटर चालू होती आणि माझा हात दांड्यावर होता. सुनंदा म्हणाली, "ताई, तुम्ही जा, मी बघते." पण उकड अर्ध्यात सोडता येत नाही, आणि तिला तो दांडा कधी जमलाच नाही. मी तशीच उभी राहिले. रडू इतकं आलं की समोरचं दिसेना, आणि चार बायकांसमोर मी ते पुसलंही नाही. दांडा आधी ढकलत होता. मग अडला. मग एकदम मऊ होऊन खाली गेला. "झाली," मी म्हटलं, मोटर बंद केली आणि चपला घालून निघाले.